सिमल्याचा सीझन: थंड हवा आणि वेठ

मे महिना चालू आहे, डोक्यावरचा पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलतो आहे, आणि मी तुमच्याशी दीड तास थंड हवेबद्दल बोलणार आहे. माझा नाइलाज आहे. तुमच्यातल्या निम्म्या मंडळींची सिमला-कुलू-मनालीची तिकिटे काढून झाली असतील, उरलेल्यांची मुले घरी हट्ट धरून बसली असतील. तेव्हा विषय वेळेवरचा आहे.

सुरुवात एका माणसापासून करतो. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात मला सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेत महिनाभर राहण्याचा योग आला. पहिले दोन दिवस आम्ही उभयता मॉलच्या खालच्या अंगाला एका छोट्या हॉटेलात उतरलो. तिथपर्यंत गाडी जात नाही. खाली रस्त्यावर उतरलो तर एक हमाल पुढे आला. साठीचा असेल, लांब फिरन घातलेला, दाढी पांढरी. आमच्या दोन बॅगा आणि माझ्या पुस्तकांची एक पेटी. पुस्तकांचे वजन काय असते हे ज्याने घर बदलले आहे त्याला विचारा. त्याने तिन्ही वस्तू दोरखंडाने एकत्र बांधल्या, पाठीवर घेतल्या आणि चालू लागला. मी मोकळ्या हातांनी त्याच्या मागे. दर वीस पावलांनी मी थांबायचो आणि बायकोला म्हणायचो, ‘बघ, काय देवदार आहेत.’ श्वास लागला आहे हे लपवायची ती युक्ती होती. तो थांबत नव्हता. आणि तो देवदारांकडे बघतही नव्हता. त्याला दिसत होती ती पायरी.

हा प्रसंग मी विसरलो असतो. पण त्या महिन्यात मी राहत होतो ती जागा विसरू देणारी नव्हती. ही संस्था ज्या इमारतीत आहे ती म्हणजे पूर्वीचा व्हाइसरॉयचा वाडा. १८८८ मध्ये लॉर्ड डफरिनच्या काळात बांधून झाला, हेन्री आयर्विन हा त्याचा वास्तुरचनाकार. स्वातंत्र्यानंतर तो राष्ट्रपतींच्या उन्हाळी निवासासाठी राखून ठेवला होता. राधाकृष्णन राष्ट्रपती झाले. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी विचार केला की वर्षातून चार दिवस राहण्यासाठी एवढा मोठा वाडा कशाला, इथे विद्वानांनी बसून अभ्यास करावा. १९६५ मध्ये त्यांच्याच हस्ते संस्थेचे उद्‍घाटन झाले. आमच्या विषयातल्या माणसाने व्यवहारात केलेले हे एक चांगले काम. एरवी आमच्यावर तसा आरोप कोणी करत नाही.

आता शब्दाकडे येऊ. इंग्रजीतून आपण ‘हिल स्टेशन’ म्हणतो. स्टेशन म्हणजे रेल्वेचे नव्हे. स्टेशन म्हणजे नेमणुकीची जागा, फौजेचा किंवा अंमलदारांचा तळ. मराठीत आपण म्हणतो ‘थंड हवेचे ठिकाण’. आपण तळ विसरलो आणि हवा लक्षात ठेवली. शिवाय ‘हवा खायला जाणे’ असाही आपला प्रयोग आहे. खाण्याच्या पदार्थात हवेचा समावेश करणारी आपली भाषा. पण ही हवा खाण्याची चाल जुनी नाही. आपले पूर्वज उत्तरेला जात नव्हते असे नाही. काशीला जात, बदरी-केदारला जात. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत होते, ते दक्षिणा मिळवायला गेले होते. कोणी पुण्यासाठी, कोणी पोटासाठी. ‘तिकडे गार वाटतं आणि दिसायला छान आहे’ एवढ्याच कारणासाठी महिना-दीड महिना घर सोडणारा माणूस त्यांना वेडाच वाटला असता.

मग सिमला कसे झाले? युद्धातून झाले. १८१४ ते १८१६ इंग्रज आणि गोरखे लढले, सुगौलीचा तह झाला आणि गोरख्यांनी जिंकलेला हा डोंगराळ मुलूख इंग्रजांच्या हाती आला. त्यांनी जुन्या राण्यांना आपापल्या गाद्या परत दिल्या, सनदा लिहून दिल्या. या सनदांमध्ये एक कलम असे. काय, ते पुढे सांगतो. ते आजच्या व्याख्यानाचे बिऱ्हाड आहे. सिमला तेव्हा एक लहानसे गाव होते, वर जाखूच्या शिखरावर मारुतीचे देऊळ. १८१९ मध्ये लेफ्टनंट रॉस याने तिथे लाकडी, गवताने शाकारलेले घर घातले. १८२२ मध्ये मेजर केनेडीने पक्के घर बांधले. १८२७ मध्ये गव्हर्नर जनरल ॲमहर्स्ट उन्हाळ्यात येऊन राहिला आणि मग रीघ लागली. १८३० मध्ये केउंथलचा राणा आणि पतियाळाचा महाराजा यांच्याकडून अदलाबदलीने जमीन घेतली गेली. आपल्याकडे त्याच सुमारास हेच घडत होते. गव्हर्नर माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेतली, बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव दिले. एकाच काळातला एकच नमुना.

पहिले जे लोक आले ते आजारी होते. दमट, गरम हवेतून रोग पसरतात अशी तेव्हाच्या वैद्यकाची समजूत होती, म्हणून आजारी सैनिक सबाथू, कसौली अशा ठिकाणी पाठवले जात. पण माणूस आजारातून उठला की आजूबाजूला बघू लागतो. आणि त्याच वेळी युरोपात बघण्याची एक नवी तऱ्हा तयार झालेली होती. डोंगर ही अडचण नाही, डोंगर हे दृश्य आहे! हे लोक येताना ती नजर घेऊन आले, रंगांच्या पेट्या घेऊन आले.

एमिली ईडनचे नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकले असेल. गव्हर्नर जनरल ऑकलंडची बहीण. चांगली चित्रे काढायची आणि त्याहून चांगली पत्रे लिहायची. १८३७-३८ मध्ये हे बहीणभाऊ कलकत्त्याहून वर आले तो काफिला बारा हजार माणसांचा होता, आणि तो ज्या मुलखातून गेला तिथे दुष्काळाने माणसे मरत होती. तिने ते पाहिले, लिहिले. सिमल्याला पोचल्यावर तिला देवदार आवडले, गारवा आवडला, अगदी घरी आल्यासारखे वाटले. पुढच्या वर्षी, १८३९ च्या मे महिन्यात, राणीच्या वाढदिवसाचा नाच झाला. शंभरावर युरोपियन नाचत आहेत, सभोवार तीन हजार डोंगरी माणसे घोंगड्या पांघरून बघत आहेत, वाकून सलाम करत आहेत. आणि ही बाई लिहून जाते की या लोकांनी आम्हा सगळ्यांची मुंडकी उडवून प्रकरण कसे मिटवले नाही याचे मला कधीकधी आश्चर्य वाटते. हसतहसत लिहिले आहे, पण लिहिले आहे. तीन हजार माणसे कुठून आली, कशी आली, हा प्रश्न मात्र तिला पडला नाही.

१८६४ मध्ये जॉन लॉरेन्सने सिमल्याला रीतसर उन्हाळी राजधानी केले. कलकत्त्यापासून हजार मैलांहून लांब. दरवर्षी उन्हाळा लागला की हिंदुस्थानचे सरकार कपाटे, दप्तरे, कारकून, बायकामुले यांच्यासह डोंगरावर चढायचे आणि थंडीच्या तोंडावर उतरायचे. त्याला नावच पडले, ‘सीझन’. पुढे १९०३ मध्ये कालका-सिमला रेल्वे झाली. शंभरावर बोगदे, आठशेहून अधिक पूल, अडीच फुटी रूळ. आज आपण तिला ‘टॉय ट्रेन’ म्हणतो आणि खिडकीतून फोटो काढतो. पण रेल्वे येईपर्यंतची चाळीस वर्षे मोजा. आणि रेल्वे सिमल्याला थांबायची. सिमल्याच्या पुढे जी खरी पाहण्यासारखी ठिकाणे, फागू, ठियोग, मटियाना, नारकंडा, तिथे जायला हिंदुस्थान-तिबेट रस्ता. टप्प्याटप्प्यावर डाकबंगले. साहेब रविवार जोडून निघायचा, मेमसाहेब सोबत, हिमशिखरे बघायची, एखादा कस्तुरीमृग किंवा अस्वल मारायचे, परत. तंबू, बिछाने, टेबल-खुर्च्या, जेवणाची भांडी, आंघोळीचे टब सोबत. हे सगळे जायचे कशावरून?

थोडा थांबतो. मी तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवले, त्यामुळे इथे मला कांट आठवणार हे तुम्ही ओळखले असेल. घाबरू नका, दहा मिनिटांत आटपतो. १७९० साली कांटने सौंदर्याच्या निर्णयावर ग्रंथ लिहिला. रा. भा. पाटणकरांनी तो मराठी वाचकांना समजावून दिला, त्यासाठी आपण त्यांचे ऋणी राहायला हवे. कांट म्हणतो, सुंदर वस्तूचा आनंद निर्हेतुक असतो. ती वस्तू मला मिळावी, उपयोगी पडावी, ही अपेक्षा त्यात नसते. आणि उदाहरण देतो राजवाड्याचे. कोणी विचारले की हा वाडा सुंदर आहे का, तर कोणी रूसोच्या थाटात सांगेल की थोरामोठ्यांच्या डौलासाठी गरिबांचा घाम यात गेला आहे. कांट म्हणतो, मान्य, पण तो इथला प्रश्नच नव्हे. मी फक्त दिसणाऱ्या रूपाबद्दल विचारतो आहे.

मी हे तीस वर्षे वर्गात शिकवले. युक्तिवाद चोख आहे. सौंदर्याचा निर्णय आणि न्यायाचा निर्णय हे दोन वेगळे निर्णय आहेत, त्यांची भेसळ करू नये. विद्यार्थ्यांना पटायचे, मलाही पटायचे. पण व्हाइसरॉयच्या वाड्यात बसून ते पान पुन्हा वाचले तेव्हा पहिल्यांदा अवघडल्यासारखे झाले, कारण मी अक्षरशः कांटच्या उदाहरणात बसलो होतो.

त्याच ग्रंथात आणखी एक माणूस भेटतो. सव्हॉयचा शेतकरी. जिनिव्हाचा सोस्यूर नावाचा मोठा निसर्गशास्त्रज्ञ होता, १७८७ मध्ये माँ ब्लाँ चढून गेलेला. त्याच्या हवाल्याने कांट सांगतो की बर्फाच्या डोंगरांवर प्रेम करणाऱ्या सगळ्यांना तो साधा, एरवी शहाणा शेतकरी मूर्ख म्हणायचा. कांटचे मत असे की भव्यतेचा अनुभव यायला मनाची मशागत लागते, ती नसेल तर डोंगर नुसता भीतिदायक वाटतो. आता गंमत बघा. कांट जन्मभर क्योनिग्सबर्ग आणि त्याच्या आसपासचा भाग सोडून बाहेर पडला नाही. बर्फाचा डोंगर त्याने पाहिलेलाच नव्हता. सोस्यूरने पाहिला, पण त्याच्यासोबत अठरा वाटाडे होते, उपकरणे आणि सामान घेऊन. ते अठरा जण त्याच डोंगराखालच्या गावांतले. म्हणजे ज्याला अडाणी म्हटले, त्याच्याच भाऊबंदांच्या पाठीवरून ती भव्यता वर गेली. शेतकऱ्याच्या मनाची मशागत झालेली नव्हती की त्याला शेताच्या मशागतीची वेळ ठाऊक होती? माझे मत तुम्हाला कळले असेल.

आता सनदांमधले ते कलम. राण्यांनी इंग्रज सरकारला हवी तेव्हा हवी तेवढी माणसे बेगारीला पुरवावीत, असे ते कलम होते. बेगार म्हणजे आपली वेठ. राण्यांच्या घरी ही चाल आधीपासून होतीच. आठ-आठ दिवसांच्या पाळ्या असत, तिला अठवारा म्हणत. घरातल्या एकाने जायचे, सरपण वाहायचे, पाणी भरायचे, ओझी न्यायची. इंग्रजांनी ती मोडली नाही, आपल्या सोयीला जोडून घेतली. हिंदुस्थान-तिबेट रस्ता डलहौसीच्या काळात, १८५० मध्ये सुरू झाला. रस्ता झाला की लोकांच्या पाठीवरचे ओझे कमी होईल असा हेतू सांगितला गेला, आणि तो रस्ता बांधला गेला तोही बेगारीनेच. पुढे त्या रस्त्यावरून साहेबांची ये-जा वाढली आणि ओझी वाढली. नंतर ठरावीक मजुरी मिळू लागली, नाही असे नाही. पण नाही म्हणायची मुभा नव्हती. बोलावणे आले की जायचे.

आणि बोलावणे केव्हा यायचे? सीझनमध्ये. मे-जूनमध्ये डोंगरात गहू आणि सातू कापणीला येतात. ते उचलले की पावसाआधी मका पेरायचा. वर्षाचे सगळे गणित त्या आठ-दहा आठवड्यांत. नेमक्या त्याच आठवड्यांत खाली मैदानात उकाडा असह्य होतो आणि साहेब वर येतो. पीक शेतात उभे आणि घरातला कर्ता माणूस कोणाचा तरी टब डोक्यावर घेऊन नारकंड्याला निघालेला. यात कोणाचा दुष्टपणा शोधायची गरज नाही. टब ज्याचा होता तो बहुधा सज्जन गृहस्थ असेल, शिखरे बघून खरोखर हरखून गेला असेल. एकाच ऋतूला दोन अर्थ होते, एवढेच. आणि त्यातला एक अर्थ दुसऱ्याला हुकूम देऊ शकत होता.

शहरातही तेच. १८८० च्या सुमारास सिमल्यात माणसांनी ओढायच्या रिक्षा आल्या. चढावर एकेका रिक्षेला चार माणसे. मॉल रस्त्यावर गाडी नेण्याचा मान फक्त तिघांना, व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा गव्हर्नर. बाकीच्यांनी रिक्षा तरी करावी नाही तर चालावे. आणि संध्याकाळी फिरण्याच्या वेळी ओझेवाल्या हमालांनी मॉलवर दिसू नये असा नियम. दृश्य स्वच्छ हवे ना.

हे मोडले कोणी? इथे एक विलक्षण माणूस येतो. सॅम्युएल स्टोक्स, फिलाडेल्फियाचा सुखवस्तू घरचा मुलगा, १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करायला हिंदुस्थानात आला आणि नारकंड्याच्या पलीकडे कोटगढला राहिला. तिथल्याच मुलीशी लग्न केले, शेती केली. शेती केली म्हणूनच त्याला कळले की सीझन म्हणजे काय. त्याच्या शेजाऱ्यांनाच बोलावणे यायचे. त्याने अर्ज केले, लेख लिहिले, गावे एकत्र केली आणि १९२१ मध्ये कोटगढच्या लोकांनी बेगारीला नकार दिला. सरकारला माघार घ्यावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस असहकारात त्याला तुरुंगात टाकले. पुढे १९३२ मध्ये तो हिंदू झाला, सत्यानंद नाव घेतले.

पूर्वेकडे कुमाऊंमध्ये, जिथे नैनिताल ही संयुक्त प्रांताची उन्हाळी राजधानी होती, त्याच वर्षीच्या संक्रांतीला, १४ जानेवारी १९२१ रोजी, बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या साथीदारांच्या पुढाकाराने लोकांनी बेगारीच्या नोंदवह्या शरयू नदीत बुडवल्या. वेठीचीसुद्धा वही असते हे लक्षात घ्या. कोणाचा नंबर, कोणाच्या घरचा माणूस, किती वेळा गेला. आपल्याकडे महार वतनाच्या नावाखाली जी वेठ चालत होती तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कारणे वेगळी, जातीची जी धार आपल्याकडे होती ती वेगळी, पण ‘बोलावणे आले की जायचे’ हे तेच.

आणि १९२१ च्या मे महिन्यात गांधीजी व्हाइसरॉय रीडिंगला भेटायला सिमल्याला आले. नंतर त्यांनी लिहिले की इथून राज्य करणे म्हणजे पाचशेव्या मजल्यावरून कारभार करणे. सात हजार फुटांवरून माणसे दिसत नाहीत. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. दिसत नव्हती असे नाही, एमिली ईडनला तीन हजार दिसली होती. ती दृश्याचा भाग होती. घोंगडी पांघरलेला पहाडी माणूस त्या काळच्या किती चित्रांत आहे! चित्रात चालतो, फक्त संध्याकाळी मॉलवर चालत नाही.

तुम्ही म्हणाल, सर, हे सगळे संपले. आता आपण तिकीट काढून जातो, हॉटेलचे पैसे देतो, हमालाला मागेल ती हमाली देतो. बरोबर आहे. वेठ आणि मजुरी यांत फरक नाही असे म्हणणारे लोक मला भेटतात, आणि मला त्यांचा राग येतो. नाही म्हणता येणे ही छोटी गोष्ट नाही. त्यासाठी कोटगढच्या माणसांनी धोका पत्करला होता. पण ऋतूचा पेच संपला का? २०१८ चा मे महिना आठवा. सिमल्याचे नळ कोरडे पडले. पाणीपुरवठा निम्म्यावर आला, लोक रात्री बादल्या घेऊन रांगेत. ऐन पर्यटनाचे दिवस. सिमल्याचेच लोक समाजमाध्यमांवर लिहू लागले की कृपा करून यंदा येऊ नका. उन्हाळी महोत्सव पुढे ढकलला, शाळा बंद ठेवल्या. उच्च न्यायालयाने आदेश दिला की बड्या लोकांना टँकरने वेगळे पाणी द्यायचे नाही, न्यायाधीश आणि मंत्रीसुद्धा त्यात आले. सूट फक्त राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना. मॉलवर गाडी नेणाऱ्या त्या तिघांची मला आठवण झाली. आकडा तीनवरून दोनवर आला, ही प्रगतीच म्हणायची.

जाता जाता स्टोक्सबद्दल एक राहिले. १९१६ मध्ये त्याने अमेरिकेतून सफरचंदाची ‘डेलिशस’ जातीची रोपे कोटगढला आणली. आज हिमाचलच्या या भागातली घरे त्या झाडावर उभी आहेत. सफरचंदाला हिवाळ्यात ठरावीक काळ थंडी लागते, तेवढी मिळाली नाही तर मोहर नीट येत नाही. म्हणजे जी थंड हवा साहेब फुकट खायला येत होता, ती हवा पहाडी माणसाने पिकात घातली. अलीकडे हिवाळे उबदार होत चालल्यामुळे खालच्या बागा परवडेनाशा झाल्या आहेत आणि लागवड वर वर सरकते आहे.

व्याख्यान संपल्यावर नेहमीचे प्रश्न येतीलच, त्यातला एक मी आधीच घेऊन टाकतो. ‘मग आम्ही जाऊ नये का?’ जा की. मी गेलो होतो, पुन्हा बोलावले तर जाईन. गुडघे हो म्हणाले तर.

त्या हमालाचे सांगायचे राहिले. हॉटेलच्या दारात त्याने ओझे उतरवले. पैसे दिले, पाणी दिले. मी विचारले, कुठले? काश्मीरचे, म्हणाला, अनंतनागकडचे. सिमल्यात काश्मिरी हमाल खूप, गावात त्यांना सरसकट ‘खान’ म्हणतात. मी आपले बोलायचे म्हणून बोललो, की तुमच्याकडे तर याहून सुंदर डोंगर आहेत. तो हसला. म्हणाला, आमच्याकडे आत्ता भाताची लावणी चालू आहे. मी विचारले, मग कोण करते? बायको आणि धाकटा भाऊ, म्हणाला; इथे कमाईचे दिवस हेच ना. मग त्याने दोरखंड गुंडाळून खांद्यावर टाकला आणि माझ्या पेटीकडे बोट करून विचारले, साहेब, यात एवढे जड काय आहे?